साचलेली उजळणी : जपानी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

हे प्रकरण एका प्रौढ विद्यार्थिनीचे आहे. त्या पूर्णवेळ नोकरी करतात, त्यांची मातृभाषा मराठी आहे आणि जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या, म्हणजे जेएलपीटीच्या, एन-५ (सर्वांत सोपी) व एन-४ या पहिल्या दोन पातळ्या त्यांनी फारसे न अडखळता पार केल्या होत्या. एन-३ ची तयारी निम्म्यावर आलेली असताना त्यांचा रोजचा शब्दसराव आधी रखडला, मग दोन-तीन दिवसांआड होऊ लागला आणि शेवटी सलग दहा दिवस बंद पडला. त्या माझ्याकडे मार्गदर्शनासाठी आल्या तेव्हा त्यांची मागणी एवढीच होती की थोडे प्रोत्साहन मिळावे, कारण आपल्या अंगी चिकाटी नाही. त्यांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो : त्यांची चिकाटी शाबूत होती. बिघाड कामाच्या मांडणीत होता, आणि तसला बिघाड चार उत्साहवर्धक शब्दांनी दुरुस्त होत नाही.

पहिल्या दोन पातळ्या सोप्या का गेल्या

मराठी माणसाला जपानीचे व्याकरण सुरुवातीला आश्चर्य वाटावे इतके ओळखीचे वाटते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि आपण नामाला ‘ने’, ‘ला’, ‘त’ असे प्रत्यय जोडतो त्याच जागी जपानीत ‘दे’, ‘नि’ यांसारखी अव्यये येतात. ‘मी उद्या रेल्वेने टोकियोला जाणार’ हे वाक्य शब्दांचा क्रम न हलवता जपानीत मांडता येते. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेने जपानीसाठी सुमारे २,२०० तासांच्या वर्गशिक्षणाचा जो अंदाज दिला आहे, तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे, आणि त्यांना वाक्यरचनेशी जी झटापट करावी लागते तिचा मोठा भाग मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे एन-५ आणि एन-४ मध्ये जवळजवळ प्रत्येक आठवड्याला काहीतरी ‘कळल्याचा’ आनंद मिळतो. आज एक रचना समजली की उद्या तिच्यावर दहा वाक्ये बोलता येतात.

पुढे ही सवलत संपते. जपानी सरकारने २०१० मध्ये सुधारलेल्या नित्योपयोगी कांजींच्या, म्हणजे जपानी लेखनातील चिनी उगमाच्या चिन्हांच्या, यादीत २,१३६ चिन्हे आहेत आणि त्यांतील पुष्कळांना दोन किंवा अधिक उच्चार आहेत. त्यांच्या बाबतीत मराठी मातृभाषेचा काडीचा उपयोग नाही. एन-३ च्या टप्प्यावर अभ्यासाचे स्वरूपच बदलते. आधीचे काम मुख्यतः समजून घेण्याचे होते, आता ते मुख्यतः लक्षात ठेवण्याचे होते. आणि समजण्याचा आनंद जसा एका क्षणी मिळतो तसा लक्षात राहण्याचा मिळत नाही, तो आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जाणवतो. या विद्यार्थिनींना हा बदल कोणी सांगितला नव्हता. आपण पूर्वीइतकाच अभ्यास करतो आहोत आणि तरीही काही घडत नाही, एवढेच त्यांना जाणवत होते, आणि त्याचा दोष त्यांनी स्वतःच्या स्वभावावर ठेवला होता.

त्यात शब्दसंपदेचे गणितही विद्यार्थ्याच्या विरुद्ध जाते. शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये इंग्रजीबद्दल मांडलेल्या हिशेबानुसार सर्वाधिक वापरातील पहिली हजार शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कूळ) लिखित मजकुराचा सुमारे ७८ ते ८१ टक्के भाग व्यापतात, दुसरी हजार त्यात ८ ते ९ टक्क्यांची भर घालतात, आणि ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचायला आठ ते नऊ हजार कुळे लागतात. जपानीचे आकडे वेगळे असतील, पण उताराचा आकार कोणत्याही भाषेत असाच असतो, कारण मोजके शब्द सतत येतात आणि बाकीचे क्वचित. म्हणजे पहिल्या हजार शब्दांसाठी केलेल्या कष्टाचे फळ प्रत्येक पानावर दिसते, तर तिसऱ्या हजारातला शब्द पाठ केल्यावर तो कदाचित आठवडाभर कुठे भेटतही नाही. ‘प्रगती मंदावली’ ही तक्रार म्हणूनच निव्वळ मनाचा खेळ नसते. दर तासामागे दिसणारा लाभ खरोखरच कमी झालेला असतो.

नोंदी काय सांगत होत्या

त्या अँकी हे फ्लॅशकार्डचे सॉफ्टवेअर वापरत. त्यामागची कल्पना जुनी आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा वक्र मांडला, सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कार्डांच्या खोक्यांची पद्धत लोकप्रिय केली, पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये उजळणीतील अंतर ठरवण्याचे संगणकीय सूत्र तयार केले आणि त्या सूत्राच्या आधारे डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये अँकी आणले. मूळ सूत्रात एखादे कार्ड बरोबर आले की ते एका दिवसाने, मग सहा दिवसांनी आणि त्यापुढे दर वेळी साधारण अडीचपट अंतराने समोर येते. (एबिंगहाउस यांनी हे प्रयोग स्वतःवरच, अर्थहीन अक्षरजोड्या वर्षानुवर्षे घोकून केले, हे लक्षात घेतले म्हणजे कंटाळ्याबद्दल तक्रार करताना थोडा संकोच वाटू लागतो.)

अशा सॉफ्टवेअरचा एक दुर्लक्षित फायदा असा की ते सगळ्याची नोंद ठेवते. विद्यार्थिनींचे म्हणणे ऐकून घेतल्यावर मी त्यांच्यासोबत सांख्यिकीचे पान उघडले. मन काय सांगते आणि नोंद काय सांगते यांत अंतर असेल अशी मला शंका होती, पण ते इतके असेल असे वाटले नव्हते.

त्यांना वाटत होते की आपल्याला काहीच लक्षात राहत नाही. नोंदीप्रमाणे, ज्या कार्डांचे अंतर तीन आठवड्यांच्या पुढे गेले होते त्यांतील दहापैकी जवळजवळ नऊ त्या बरोबर सांगत होत्या. घसरण फक्त ताज्या कार्डांत होती, आणि तीही गेल्या महिन्याभरातली. दुसरे, प्रत्येक कार्डावर आधी सरासरी नऊ सेकंद जात, ते आता जेमतेम चार सेकंद जात होते. चार सेकंदांत कार्ड वाचून, आठवून, पडताळून बटण दाबणे होत नाही. त्या पाट्या टाकत होत्या, आणि हे त्यांनी आकडा पाहताच कबूल केले. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. खाडे कसेही विखुरलेले नव्हते. ज्या दिवशी उजळणीची संख्या तीनशेच्या वर गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बहुधा खाडा पडला होता. चिकाटी नसलेल्या माणसाचे खाडे असे शिस्तीत पडत नाहीत. एका विशिष्ट भाराला एक विशिष्ट प्रतिसाद मिळत होता.

भाराचा हिशेब

अँकीत नव्या कार्डांची मूळ मर्यादा दिवसाला वीस असते. त्यांनी ती स्वतः वाढवून तीस केली होती, कारण जुलैच्या परीक्षेआधी तीन हजार शब्दांचा संच संपवायचा तर शंभर दिवसांत दिवसाला तीस हा भागाकार अगदी सरळ येतो. या भागाकारात उजळणी कुठेच नव्हती. रोज ठरावीक संख्येने नवी कार्डे घेत राहिले की काही आठवड्यांत उजळणीची संख्या त्या आकड्याच्या साधारण सात ते दहा पटींवर स्थिरावते, हा या पद्धतीने अभ्यास करणाऱ्यांचा ढोबळ अनुभव आहे. म्हणजे तीस नव्या कार्डांमागे रोज दोनशे ते तीनशे जुनी. प्रत्येकी नऊ सेकंद धरले तर अडीचशे कार्डांना सदतीस-अडतीस मिनिटे लागतात. शिवाय नवे कार्ड पहिल्या दिवशी तीन-चार वेळा पाहावे लागते, त्याची वीसेक मिनिटे. त्यांनी सरावासाठी राखून ठेवलेली वेळ अर्ध्या तासाची होती आणि काम तासाभराचे.

हा भार पहिल्या दिवशी दिसत नाही हेच त्याचे दुखणे आहे. पहिल्या आठवड्यात तीस नवी कार्डे हसत-खेळत होतात, दुसऱ्या आठवड्यातही जमून जाते, आणि बिल जेव्हा येते तेव्हा ते नेमके त्या सुमारास येते जेव्हा सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो. मग विद्यार्थी दोन गोष्टींची गल्लत करतो : काम वाढले म्हणून दमलो, हे त्याला ‘उत्साह कमी झाला म्हणून दमलो’ असे वाटते.

चुकांचे गणितही त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. २०२३ च्या अखेरीस अँकीत एफएसआरएस हे नवे सूत्र आले. त्यात विद्यार्थ्याने आपल्याला किती टक्के स्मरण हवे ते ठरवायचे असते आणि मूळ आकडा ९० टक्के असतो. याचा सरळ अर्थ असा की दहातले एक कार्ड चुकणे हे यंत्रणेत आधीच गृहीत धरलेले आहे. अडीचशे कार्डांच्या दिवशी पंचवीस चुका होणे म्हणजे सारे ठरल्याप्रमाणे चालले आहे. पण पंचवीस वेळा ‘पुन्हा’ हे बटण दाबणाऱ्या माणसाला तसे वाटत नाही. त्या तर हा आकडा ९५ टक्क्यांवर न्यायचा विचार करत होत्या, म्हणजे चुका निम्म्या होतील. चुका निम्म्या झाल्याही असत्या, पण उजळणीतील अंतरे जवळजवळ निम्मी होऊन भार दुपटीच्या घरात गेला असता.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग येथे आठवतो. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत बाजी मारली, पण आठवड्यानंतर मजकूर न बघता आठवण्याचा सराव केलेले पुढे गेले. आणि गंमत म्हणजे आपल्याला चांगले लक्षात राहील असा आत्मविश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. जी पद्धत खरोखर शिकवते ती करताना माणसाला आपण अडाणी आहोत असे वाटत राहते. रोज तासभर असे वाटून घेणे हे साधे काम नाही, आणि त्यात खचणाऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

शब्द कुठे वापरले जात होते

भार कमी केला की प्रकरण मिटेल असे पहिल्या भेटीनंतर वाटले होते. दुसऱ्या भेटीत मी त्यांना विचारले की जपानी शिकायला सुरुवात कशामुळे केली. उत्तर अनपेक्षित होते : विणकामासाठी. जपानी विणकामाच्या पुस्तकांतील आकृत्यांची चिन्हे जपानी औद्योगिक मानकांनी ठरवून दिलेली आहेत, त्यामुळे भाषेचा गंध नसलेला माणूसही आकृती पाहून विणू शकतो; परंतु शेजारच्या मजकुरातल्या सूचना, मापे, कुठे टाके वाढवायचे आणि कुठे घटवायचे याचे खुलासे वाचता येत नाहीत. ते वाचता यावे म्हणून त्यांनी वर्गात नाव घातले होते. एन-४ झाल्यावर त्यांनी एकदाही तसले पुस्तक उघडले नव्हते. कारण विचारले तर म्हणाल्या, परीक्षा झाल्यावर उघडायचे ठरवले आहे.

रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी कॅनडात केलेल्या कामापासून भाषाशिक्षणात दोन प्रकारच्या प्रेरणांचा भेद मानला जातो : भाषेच्या जगात शिरण्याची ओढ आणि भाषेकडून काही लाभ मिळवण्याची गरज. पुढे झोल्तान दोर्न्येई यांनी २००५ मध्ये त्याला वेगळे वळण देऊन, विद्यार्थ्याच्या मनात ‘ही भाषा येणारा मी’ असे जे चित्र असते त्यावर भर दिला. या विद्यार्थिनींचे चित्र होते एका पुस्तकासमोर, सुया हातात घेऊन बसलेल्या बाईचे. परीक्षेच्या तयारीत ते चित्र बाजूला पडले आणि त्या जागी उरला तीन हजारांचा एक आकडा. आकड्याचे चित्र मनात फार काळ टिकत नाही.

शिवाय तो आकडाही तितकासा भक्कम नव्हता. २०१० च्या फेररचनेत एन-१ ते एन-५ अशा पाच पातळ्या झाल्या तेव्हापासून जेएलपीटी शब्दांची व कांजींची अधिकृत यादी प्रसिद्ध करत नाही. ‘एन-३ चे शब्द’ म्हणून फिरणारे संच कोणीतरी अनुभवाने केलेले अंदाज असतात. ते उपयोगी असतात, पण त्यांतला प्रत्येक शब्द संपवलाच पाहिजे असा काही नियम नाही.

त्यांची कार्डे एका बाजूला एकटा शब्द आणि दुसऱ्या बाजूला एकटा अर्थ अशी होती. एकेकटे शब्द पाठ करताना सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. ‘मोत्सु’ (हातात धरणे), ‘मात्सु’ (वाट पाहणे) आणि ‘तोकी’ (वेळ) या तिन्हींच्या कांजींत उजवा भाग एकच आहे. डावीकडे पहिल्यात हात, दुसऱ्यात चालण्याचे चिन्ह आणि तिसऱ्यात सूर्य. ही तिन्ही कार्डे त्यांना आळीपाळीने चुकत होती. ‘फुएरु–फुयासु’ आणि ‘हेरु–हेरासु’ या जोड्यांचेही तसेच. खरे तर मराठीत ‘वाळणे–वाळवणे’, ‘पडणे–पाडणे’ हा भेद आपण झोपेतही चुकत नाही, आणि वरच्या दोन जोड्या म्हणजे ‘वाढणे–वाढवणे’, ‘घटणे–घटवणे’ एवढेच आहे. पण चार वेगवेगळ्या दिवशी चार सुटी कार्डे समोर आली की हे नाते दिसत नाही. अँकीत एखादे कार्ड आठ वेळा विसरले गेले की ते आपोआप बाजूला काढण्याची सोय आहे. त्यांनी ही सोय बंद केली होती, कारण ती पळवाट वाटत होती. परिणामी शंभराच्या आसपास हट्टी कार्डे रोजच्या वेळेचा मोठा वाटा खात होती.

अखंड मालिकेचे ओझे

त्यांच्या फोनवर एक दुसरे भाषेचे ॲपही होते, ज्यात रोज एक धडा केला की दिवसांची मालिका पुढे सरकते. अँकी बंद पडले त्या दहा दिवसांतही ही मालिका चालू होती. रात्री झोपण्यापूर्वी मिनिटभरात होणारा सर्वांत सोपा धडा त्या उरकत, जो त्यांना वर्षभरापूर्वीच येत होता.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे : चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगितलेली मुले पुढे मोकळ्या वेळेत चित्रे काढण्यात कमी वेळ घालवू लागली, तर अनपेक्षितपणे बक्षीस मिळालेल्या मुलांत अशी घट दिसली नाही. या प्रकरणाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे ताणून-ताणून होईल, कारण फ्लॅशकार्डांची हौस त्यांना कधीच नव्हती. मालिकेने येथे केलेले नुकसान निराळे होते. ‘अभ्यास केला’ याचे समाधान तिने एका मिनिटात मिळवून दिले, आणि खाडा म्हणजे सर्वनाश ही समजूत पक्की केली. त्यामुळे अँकीचा एक दिवस बुडाला की ‘आता तुटलेच आहे’ म्हणून दुसराही बुडे.

खाड्याविषयी फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले काम अधिक उपयोगी आहे. नवी सवय अंगवळणी पडायला माणसांना सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यांना आढळले, पण व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता; आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रियेवर लक्षणीय परिणाम होत नव्हता. हे वाचून दाखवल्यावर विद्यार्थिनींचा चेहरा सैलावला, हे येथे नोंदवून ठेवतो.

काय बदलले

पहिला निर्णय परीक्षेचा होता आणि तो त्यांनीच घेतला. जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलैत आणि डिसेंबरात होते. त्यांनी जुलै सोडून डिसेंबर धरला. तीन हजारांपैकी साधारण सोळाशे कार्डे एकदा तरी पाहून झाली होती. उरलेली चौदाशे दिवसाला आठ या गतीने घेतली तर सहा महिन्यांच्या आत संपतात, आणि आठांमागे उजळणीची संख्या साठ ते ऐंशीच्या पुढे जात नाही. म्हणजे एकूण काम वीस मिनिटांच्या आत येते.

मात्र आधी साचलेले निस्तरणे भाग होते. दहा दिवसांच्या खंडानंतर हजारावर कार्डांची उजळणी थकली होती. एका सुट्टीच्या दिवशी बसून सगळी संपवावीत अशी त्यांची इच्छा होती आणि तिला मी ठाम विरोध केला, कारण हाच पराक्रम पूर्वी दोनदा करून पुढच्या आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न झाले होते. त्याऐवजी नवी कार्डे शून्यावर आणली आणि दिवसाला शंभर कार्डांची मर्यादा घातली. थकबाकी कमी व्हायला महिना लागला. त्या महिन्यात एकही नवा शब्द शिकला गेला नाही, आणि हे सहन करणे त्यांना सर्वांत जड गेले. त्याच काळात हट्टी कार्डे बाजूला काढली, स्मरणाचे लक्ष्य ९० टक्क्यांवरच ठेवले आणि प्रत्येक कार्डाला किमान विचार करण्याइतका वेळ द्यायचा, तेवढा वेळ नसेल तर कार्डे कमी करायची पण गती वाढवायची नाही, असे ठरले.

वेळही बदलली. रात्रीच्या सत्रांत चुकांचे प्रमाण सकाळपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडल्याप्रमाणे ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशा स्वरूपात ठरवलेला बेत नुसत्या निश्चयापेक्षा अधिक पाळला जातो. त्यांचा बेत असा झाला : कामासाठी लॅपटॉप उघडला की टपाल पाहण्याआधी कार्डे. मालिकेचे ॲप त्यांनी स्वतःहून काढून टाकले. मी ते सुचवले नव्हते.

आणि विणकामाची पुस्तके परत आली, परीक्षेनंतर नव्हे तर लगेच. आठवड्यातून दोन संध्याकाळी एका नमुन्याच्या सूचना वाचायच्या, अडलेल्या शब्दांपैकी जास्तीत जास्त पाच निवडायचे आणि ते ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासह कार्डावर घालायचे. हे पाच शब्द दिवसाच्या आठांच्या कोट्यातूनच जात, त्यांच्यासाठी वेगळी सवलत नव्हती. पहिल्याच आठवड्यात ‘हेराशिमे’, म्हणजे घटवलेले टाके, समोर आले आणि ‘हेरासु’ हे हट्टी कार्डांतले बहुधा सर्वांत जुने कार्ड कायमचे सुटले. ‘घटवणे’ हा अर्थ त्यांनी अनेकदा पाठ केला होता. पण बाहीचा घेर कमी करण्यासाठी दर काही ओळींनी तीच क्रिया हाताने केल्यावर त्याला पाठ करण्याची गरज उरली नाही. सगळ्याच शब्दांचे भाग्य असे नसते. ‘अर्थव्यवस्था’ किंवा ‘जबाबदारी’ यांच्यासाठीचे जपानी शब्द विणकामात भेटत नाहीत, त्यांच्यासाठी सोप्या जपानीतल्या बातम्या वाचण्याचा प्रयत्न झाला. तो अर्धवट चालला. बातम्यांत त्यांना रस नव्हता आणि रस नसलेल्या मजकुराने कार्डांचा कंटाळा घालवता येत नाही, त्यात एका कंटाळ्याची भर मात्र पडते.

एक प्रयत्न सपशेल फसला. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तात स्वायत्तता आणि सक्षमता यांच्या जोडीला इतरांशी असलेल्या नात्याचे महत्त्व सांगितले आहे, म्हणून दोघा-तिघांचा गट करून रोज एकमेकांना कार्डांची संख्या कळवावी असे मी सुचवले. दोन आठवड्यांत त्याची स्पर्धा झाली, त्यांनी नवी कार्डे गुपचूप आठावरून पंधरावर नेली आणि नोंदीत ती लगेच दिसली. गट बंद केला. संख्येऐवजी वाचलेले एखादे वाक्य पाठवायला सांगितले असते तर कदाचित वेगळे घडले असते.

परिणाम, आणि त्यांचे वजन

पुढच्या काही महिन्यांत खाडे पूर्ण थांबले नाहीत, पण सलग दोन दिवसांचा खाडा क्वचितच दिसला. प्रत्येक कार्डावरचा वेळ पुन्हा आठ-नऊ सेकंदांवर आला आणि ताज्या कार्डांचे स्मरण सावरले. शेवटी संचातली तीनेकशे कार्डे न पाहताच राहिली. त्यांची जागा विणकामाच्या शब्दांनी घेतली होती. डिसेंबरात त्यांनी परीक्षा दिली. एन-३ ला एकूण १८० पैकी ९५ गुण आणि तीनही विभागांत प्रत्येकी किमान १९ गुण लागतात. त्या उत्तीर्ण झाल्या. वाचनात चांगल्या, श्रवणात किमान गुणांच्या थोड्याच वर. ते अपेक्षितच होते, कारण सहा महिन्यांत ऐकण्याचा सराव जवळपास झालाच नव्हता.

यातून नेमक्या कशाचा उपयोग झाला हे खात्रीने वेगळे काढता येणार नाही. भार, वेळ, कार्डांचे स्वरूप, वाचन आणि परीक्षेची तारीख या सर्व गोष्टी एकाच सुमारास बदलल्या, आणि माणूस एकच. तारीख पुढे गेल्याचा दिलासाच मुख्य असेल, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मला पूर्ण खोडता येत नाही. तरीही गटाच्या प्रसंगाकडे मी पुरावा म्हणून पाहतो. तेव्हा वाचन चालू होते, वेळ सकाळची होती, तारीख दूर होती. केवळ नव्या कार्डांचा आकडा वाढला आणि दहा-बारा दिवसांत खाड्यांची जुनी चाल परत आली. आकडा खाली आणताच ती गेली.

कार्डांचा कंटाळा मात्र गेला नाही. त्या आजही म्हणतात की सकाळची वीस मिनिटे त्यांना आवडत नाहीत, आणि ती आवडावीत असा प्रयत्न आम्ही केलाही नाही. नावडते काम रोज वीस मिनिटे करणे बहुतेकांना जमते. तेच तासभर, कशासाठी ते विसरून आणि चुकांची मोजदाद करत करणे फार थोड्यांना जमते, आणि त्या थोड्यांना आदर्श मानून बाकीच्यांचा स्वभाव मोजण्यात अर्थ नाही.

एन-२ साठी त्यांनी नवी कार्डे आठच ठेवली आहेत. मोकळ्या केलेल्या दहा मिनिटांत विणकामाच्या प्रात्यक्षिकांचे जपानी व्हिडिओ लावायचे, पहिल्यांदा उपशीर्षकांशिवाय आणि दुसऱ्यांदा उपशीर्षकांसह, असा सध्याचा क्रम आहे. तो महिनाभर चालवून, त्या महिन्याची नोंद पाहिल्यावरच कोणताही आकडा बदलायचा असे ठरले आहे.